शाळेने नाकारलेला आवाज : एटेल्का गेर्स्टर यांची कारकीर्द आणि त्यांची बर्लिनमधील गायनशाळा

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमधील एका नामांकित गायनशाळेने विशीतल्या एका विद्यार्थिनीला पत्र पाठवून शाळेतून कमी केले. गायिका होण्याची कुवत तिच्यात दिसत नाही, तेव्हा तिने एखादा व्यवहारोपयोगी व्यवसाय शिकावा, असा त्या पत्राचा आशय होता. ती विद्यार्थिनी म्हणजे लोटे लेहमान. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्या व्हिएन्नाच्या ऑपेराच्या आघाडीच्या सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीच्या गायिका, झाल्या आणि जर्मन संगीतकार रिखार्ड श्ट्राउस यांनी आपल्या नव्या ऑपेरांतील महत्त्वाच्या भूमिका पहिल्यांदा रंगमंचावर आणण्यासाठी त्यांची पुन्हा पुन्हा निवड केली. शाळा होती हंगेरियन सोप्रानो एटेल्का गेर्स्टर यांची. स्वतः गेर्स्टर यांनी लंडन आणि न्यूयॉर्क जिंकलेले होते, चांगला आवाज कशाला म्हणतात हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. तरीही त्यांच्या शाळेने एवढा मोठा गळा हातचा घालवला. हे कसे घडले, याचे उत्तर त्या एका पत्रात सापडत नाही. त्यासाठी गेर्स्टर यांची सारी कारकीर्द आणि त्यांच्या शाळेतून पुढे गेलेली शिष्यशाखा नजरेखालून घालावी लागते.

गेर्स्टर यांचा जन्म १८५५ मध्ये कश्शा या शहरात झाला. त्या काळी हे शहर हंगेरीच्या राज्यात होते. आज ते स्लोव्हाकियात असून कोशित्से या नावाने ओळखले जाते. घराणे कर्तबगार होते. त्यांचे बंधू बेला गेर्स्टर हे स्थापत्य अभियंता होते आणि ग्रीसमधील कोरिंथच्या कालव्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. एटेल्का व्हिएन्नाच्या संगीतशाळेत मथिल्ड मार्केसी यांच्याकडे शिकल्या. मार्केसी या मानुएल गार्सिया यांच्या शिष्या, आणि गार्सिया म्हणजे आरशाच्या साहाय्याने स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहणारे आणि १८५५ मध्ये आपली निरीक्षणे विद्वानांपुढे मांडणारे गायनशिक्षक. या परंपरेत आवाज कमावण्याची पद्धत काटेकोर होती: खालचा, मधला आणि वरचा असे आवाजाचे थर वेगवेगळे घोटायचे, मग त्यांचे सांधे कानाला जाणवणार नाहीत असे जुळवायचे, आणि रोजचा सराव थोडा पण नेमका ठेवायचा. मार्केसी यांच्या हाताखालून नेली मेल्बा आणि एमा ईम्स यांच्यासारख्या उंच पट्टीच्या गायिका तयार झाल्या. गेर्स्टर त्यांच्या आधीच्या पिढीतल्या.

जानेवारी १८७६ मध्ये त्यांनी व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात व्हेर्दींच्या ‘रिगोलेत्तो’मधील जिल्डा ही भूमिका गाऊन पदार्पण केले. पुढच्याच वर्षी त्यांनी गार्डिनी या इटालियन संगीत व्यवस्थापकांशी विवाह केला, आणि त्याच वर्षी लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरमध्ये बेल्लिनींच्या ‘ला सोनांबुला’ या ऑपेरातील आमिना म्हणून त्या उभ्या राहिल्या. झोपेत चालणाऱ्या निरागस खेडवळ मुलीची ही भूमिका पुढे त्यांची ओळखच बनली. १८७८ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या अकॅडमी ऑफ म्युझिकमध्येही त्यांनी याच भूमिकेने पदार्पण केले. त्यांच्या भरभराटीच्या काळात ध्वनिमुद्रण व्यवहारात आलेले नव्हते, म्हणून त्या आवाजाची कल्पना समकालीनांच्या लेखनावरून आणि त्यांनी निवडलेल्या भूमिकांवरूनच करावी लागते. जिल्डा, आमिना, दोनिझेत्तींच्या ऑपेरातील लुचिया या सगळ्या भूमिका हलक्या, फिरत्या, तार सप्तकात सहज वावरणाऱ्या गळ्यासाठी लिहिलेल्या आहेत. अशा आवाजात वजन नसते. त्याचे सारे सामर्थ्य सुरेलपणात, तानेच्या स्वच्छतेत आणि दमसासावरील हुकमतीत असते. ते टिकवायचे तर विश्रांती लागते आणि घाई टाळावी लागते. एकोणिसाव्या शतकातील ऑपेरा कंपन्यांचा व्यवहार नेमका याच्या उलट चालत असे.

मेपलसन यांच्या कंपनीत

१८८३-८४ च्या हंगामात गेर्स्टर कर्नल जेम्स हेन्री मेपलसन यांच्या कंपनीबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर होत्या. त्याच कंपनीत अदेलिना पात्ती होत्या. पात्ती गेर्स्टर यांच्याहून बारा वर्षांनी मोठ्या आणि त्या काळच्या सर्वांत महागड्या गायिका. एका प्रयोगाचे पाच हजार डॉलर, तेही गाण्याआधी हातात, ही त्यांची अट सर्वांना ठाऊक होती. एकाच जातीचे दोन आवाज, एकाच प्रकारच्या भूमिका आणि एकच आगगाडी, अशी ही परिस्थिती होती. पात्ती गाणार असतील त्या रात्री तिकिटांचे दर चढत आणि गेर्स्टर यांच्या रात्री ते नेहमीचेच राहत. प्रेक्षक मात्र गेर्स्टर यांना तितक्याच उत्साहाने उचलून धरत होते, आणि या दोहोंमधली तफावत त्यांना झोंबत होती.

मेपलसन यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत या भांडणाची बरीच वर्णने आहेत. गेर्स्टर यांची दृष्ट लागते अशी पात्ती यांची पक्की समजूत होती; काही विपरीत घडले की त्याचा दोष त्या गेर्स्टर यांना देत आणि दृष्ट उतरवण्यासाठी बोटांनी शिंगांची खूण करत. मिसूरीचे गव्हर्नर क्रिटेंडन यांनी पात्ती यांचे चुंबन घेतल्याची बातमी वृत्तपत्रांत गाजली, तेव्हा गेर्स्टर यांना त्याबद्दल विचारले गेले. पुरुषाने आपल्या आईच्या वयाच्या बाईचे चुंबन घेतले तर त्यात काही गैर नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. आपल्या कंपनीची प्रत्येक गोष्ट रंगवून सांगण्याची सवय असलेल्या व्यवस्थापकाच्या या आठवणी आहेत, हे लक्षात घेऊनच त्या वाचाव्या लागतात. मात्र त्यांतून एक गोष्ट निःसंशय दिसते: गेर्स्टर यांची सर्वांत उमेदीची वर्षे सततच्या तुलनेच्या ताणात, रेल्वेच्या डब्यांत आणि हवामान रोज बदलणाऱ्या शहरांत खर्च झाली. तिशीच्या आतल्या एका नाजूक गळ्यावर हा भार होता. पुढे जे झाले ते समजून घेताना हा भार विसरता कामा नये, असे मला वाटते.

पुढे झाले ते असे. १८८० च्या दशकाच्या मध्यात, प्रसूतीनंतर, त्यांचा आवाज गेला. १८८७ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेत गायल्या, पण पूर्वीचा गळा उरला नव्हता, आणि ज्या श्रोत्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते त्यांच्यासमोरच हे उघड झाले. १८९० च्या सुमारास त्यांनी रंगमंच सोडला. तेव्हा त्या जेमतेम पस्तीस वर्षांच्या होत्या. गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू सैल होतात, श्वासाचा आधार बदलतो, संप्रेरकांमुळे स्वरतंतूंना सूज येऊ शकते; बहुतेक गायिकांचा आवाज योग्य विश्रांतीनंतर पूर्ववत होतो. गेर्स्टर यांचा झाला नाही. केवळ प्रसूतीला दोष देण्याची रीत जुन्या चरित्रकोशांत आहे. ती मला अपुरी वाटते. अनेक वर्षांच्या दौऱ्यांनी थकलेल्या गळ्याला त्या आधीच फारशी उसंत मिळालेली नव्हती.

बर्लिनमधील शाळा

१८९६ मध्ये गेर्स्टर यांनी बर्लिनमध्ये गायनशाळा सुरू केली आणि १९१७ पर्यंत, म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ, ती चालवली. गायनाच्या तंत्रावर त्यांनी पुस्तकही लिहिले. गुरूच्या घरी बसून शिकावे तसे तिथले शिक्षण नव्हते. ही एक संस्था होती, तिच्यात साहाय्यक शिक्षिका होत्या, आणि विद्यार्थिनींची रोजची तालीम बहुधा या शिक्षिकांच्या हाती असे. गेर्स्टर स्वतः प्रवेशाच्या वेळी आवाज ऐकत आणि शाळेच्या पद्धतीवर त्यांचा शिक्का असे.

इथे एका गोष्टीचा विचार करावासा वाटतो, आणि तो माझा तर्क आहे. ज्या शिक्षकाचा गळा शाबूत आहे तो अडलेल्या जागी स्वतः गाऊन दाखवतो. विद्यार्थी ऐकतो, चुकतो, पुन्हा ऐकतो. ज्याचा गळा गेला आहे त्याला तेच शब्दांत, नियमांत आणि सरावपाठांत बांधून सांगावे लागते. नियमांत बांधलेली विद्या दुसऱ्या शिक्षिकेच्या हाती सोपवता येते, शाळा त्यावरच उभी राहते. परंतु त्या नियमाला अपवाद कुठे करायचा हे मूळ गुरूला कळते, साहाय्यकाला ते कळेलच असे नाही.

या शाळेचे अपयश सांगण्यापूर्वी तिचे यश सांगणे न्यायाचे होईल. डच गायिका युलिया कुल्प, हंगेरियन गायिका इलोना दुरिगो आणि ट्रान्सिल्व्हानियातील क्रोनश्टाट, म्हणजे आजचे ब्राशोव्ह, येथून आलेल्या लुला मिस-ग्माइनर या तिघी गेर्स्टर यांच्याकडे शिकल्या. तिघीही खालच्या पट्टीच्या गायिका, आणि तिघींनीही नाव कमावले ते मुख्यतः मैफलीत, पियानोच्या साथीने शूबर्ट, शूमान आणि ब्राम्स यांची गीते गाऊन. पक्ष्यासारख्या तार सप्तकात फिरणाऱ्या आवाजाच्या धनीण असलेल्या शिक्षिकेच्या या नामवंत शिष्यांमध्ये एकही तिच्या जातीच्या आवाजाची नाही. गेर्स्टर यांनी आपला गळा सर्वांवर लादला, असे सरळ उत्तर म्हणूनच टिकत नाही. त्यांच्या पद्धतीतील स्वराची समता, श्वासाची शिस्त आणि शब्दावरील ताबा हे गुण मैफलीत गीत गाणाऱ्या स्थिरचित्त गायिकेला अत्यंत उपकारक होते. अडचण आली ती वेगळ्या प्रकृतीची मुलगी दारात आली तेव्हा.

लोटे लेहमान यांचा जन्म १८८८ मध्ये पेर्लेबेर्ग या छोट्या जर्मन गावात झाला. वडील सामान्य पगाराचे कर्मचारी, घरात गाण्याच्या व्यवसायाची ओळख नाही. कुटुंब बर्लिनला आल्यावर लोटे यांनी तिथल्या सरकारी संगीत विद्यालयात सुरुवात केली, पण ऑपेराची ओढ लागल्याने त्या गेर्स्टर यांच्या शाळेकडे वळल्या. गेर्स्टर यांनी त्यांचा आवाज ऐकला, तो त्यांना आवडला आणि शाळेत विनाशुल्क जागा मिळाली. हा तपशील महत्त्वाचा आहे. गेर्स्टर यांच्या कानाने त्या मुलीला आधी बरोबर ओळखले होते. प्रवेशाच्या दिवशी कोणाचीही चूक झाली नव्हती.

पुढची तालीम एफा राइनहोल्ट या साहाय्यक शिक्षिकेकडे गेली. लेहमान यांनी आपल्या आत्मकथनात या काळाचे जे वर्णन केले आहे, त्याचा गाभा असा की, ठरलेल्या यांत्रिक सरावाने त्यांचा गळा दिवसेंदिवस आवळत गेला, जे निसर्गतः येत होते तेही येईनासे झाले, आणि जितकी धास्ती वाढली तितका आवाज आखडला. अशा वेळी शिक्षक साधारणपणे दोनपैकी एक गोष्ट करतो: पद्धत बाजूला ठेवून काही आठवडे मुलीला मोकळेपणी गाऊ देतो, किंवा पद्धत अधिक कडक करतो. राइनहोल्ट यांनी दुसरा मार्ग धरला. अखेरीस ते पत्र आले.

लेहमान यांची बाजू घेणे सोपे आहे, कारण पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. तरी राइनहोल्ट यांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. लेहमान यांचा दमसास आयुष्यभर कमीच राहिला. लांब स्वरवाक्याच्या मध्येच त्या श्वास घेत, समीक्षक ते टिपत आणि त्यांच्या ध्वनिमुद्रणांतही ते ऐकू येते. त्या तो श्वास अर्थाला धरून, जणू भावनेच्या उमाळ्याने घेतल्यासारखा घेत, म्हणून श्रोत्यांना खटकत नसे. श्वासाच्या शिस्तीवर उभ्या असलेल्या शाळेला या मुलीत मोठे वैगुण्य दिसले असेल, तर ते वैगुण्य खरेच होते. शाळेची चूक पुढच्या पायरीवर झाली: वैगुण्य आहे, ते आपल्या उपायांनी जात नाही, म्हणून आवाजच नाही, असे तिने ठरवले. लेहमान यांची खरी शक्ती स्वराच्या समतेत नव्हती. शब्दाला स्वरात भिजवून तो अंतःकरणापर्यंत पोहोचवण्यात आणि भूमिकेत स्वतःला झोकून देण्यात ती होती, आणि सरावपाठ घोटून घेताना या शक्तीला प्रकट व्हायला वावच नव्हता.

त्यानंतर लेहमान माटिल्ड मालिंगर यांच्याकडे गेल्या. झाग्रेबमध्ये जन्मलेल्या मालिंगर या वाग्नर यांच्या ‘मायस्टरसिंगर’मधील पहिल्या एव्हा, १८६८ मध्ये म्युनिकला त्या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला तेव्हा त्यांनी ही भूमिका केली होती. मालिंगर यांनी आखडलेला गळा आधी मोकळा केला, गाण्याची भीती घालवली आणि मग शिकवायला घेतले. १९१० मध्ये लेहमान हाम्बुर्गच्या ऑपेरात रुजू झाल्या. सुरुवात मोत्सार्टच्या ‘जादूची बासरी’मधील तीन मुलांपैकी एकाच्या छोट्या भूमिकेने झाली. १९१६ मध्ये व्हिएन्नात श्ट्राउस यांच्या ‘आरिआड्ने आउफ नाक्सोस’ची सुधारित आवृत्ती प्रथम सादर झाली तेव्हा तरुण संगीतकाराची भूमिका त्यांच्याकडे होती, आणि १९१९ मध्ये ‘सावली नसलेली स्त्री’ या ऑपेरातील रंगाऱ्याची बायको ही अवघड भूमिकाही त्यांनीच प्रथम उभी केली. गेर्स्टर तेव्हा हयात होत्या. १९१७ मध्ये शाळा बंद झाल्यावर त्यांनी बर्लिन सोडले होते, आणि १९२० मध्ये बोलोन्याजवळच्या पोंतेक्यो येथे त्यांचे निधन झाले.

शाखेचा पुढचा विस्तार

हे प्रकरण लेहमान यांच्यापाशी संपले असते तर एका शिक्षिकेची एक चूक म्हणून ते सोडून देता आले असते. पण गेर्स्टर यांच्या शिष्या लुला मिस-ग्माइनर पुढे बर्लिनच्या संगीत विद्यालयात प्राध्यापिका झाल्या, आणि १९३४ मध्ये तिथे प्रवेश घेतलेली एक मुलगी त्यांच्या वर्गात आली: एलिझाबेथ श्वार्झकोफ. मिस-ग्माइनर यांनी तिचा आवाज खालच्या पट्टीचा ठरवला आणि त्याच अंगाने शिकवायला सुरुवात केली. मुलीच्या आईला हे पटेना. आवाज उंच पट्टीचा आहे असा तिचा आग्रह होता आणि अखेर शिक्षक बदलला गेला. १९३८ मध्ये श्वार्झकोफ यांनी बर्लिनमध्ये ‘पार्सिफाल’मधील फुलकन्यांपैकी एक म्हणून पदार्पण केले ते सोप्रानो म्हणूनच. या चुकीचे खापर गेर्स्टर यांच्यावर फोडणे योग्य होणार नाही, कारण मिस-ग्माइनर इतरही गुरूंकडे शिकल्या होत्या आणि स्वतःच्या खालच्या पट्टीच्या गळ्याचा त्यांच्या कानावर प्रभाव असणे स्वाभाविक आहे. मात्र लागोपाठच्या दोन पिढ्यांत त्याच शाखेतल्या नामवंत शिक्षिकांच्या हातून शतकातल्या दोन अव्वल सोप्रानो निसटाव्यात, ही बाब दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

श्वार्झकोफ यांना वळण लावले ते दुसऱ्या एका हंगेरियन सोप्रानोने. मारिया इवोग्यून यांचा जन्म १८९१ मध्ये बुडापेस्टला झाला. शिक्षण व्हिएन्नात झाले, आणि १९१३ मध्ये संगीत संचालक ब्रूनो वाल्टर यांनी त्यांना म्युनिकच्या ऑपेरात आणले. तिथे नव्या कामांचा त्यांच्यावर अक्षरशः वर्षाव झाला: १९१६ मध्ये कोर्नगोल्ट यांच्या एकांकी ऑपेरातील लाउरा, १९१७ मध्ये फिट्झनर यांच्या ‘पालेस्त्रिना’तील मुलगा इगिनो, १९२० मध्ये ब्राउनफेल्स यांच्या ‘पक्षी’ या ऑपेरातील बुलबुल, या भूमिका त्यांनीच प्रथम गायल्या. सर्वांत गाजली ती श्ट्राउस यांच्या ‘आरिआड्ने’मधील झेर्बिनेट्टा. दहा मिनिटांहून लांब असलेले तिचे मुख्य गाणे म्हणजे तानांचा डोंगर, आणि तो चढताना चेहऱ्यावरचे हसू मावळू द्यायचे नसते. १९२४ च्या मे महिन्यात लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये या ऑपेराची सुधारित आवृत्ती प्रथम झाली तेव्हा झेर्बिनेट्टा होत्या इवोग्यून आणि आरिआड्ने होत्या लोटे लेहमान.

इवोग्यून यांनीही रंगमंच लवकर, चाळिशीच्या आसपास सोडला, पण कारण निराळे होते. त्यांची दृष्टी अधू होत गेली. गळ्याला धक्का लागला नव्हता. त्यांचे दुसरे पती मिखाएल राउखआइझेन हे त्या काळचे अग्रगण्य पियानोवादक साथीदार. १९४० मध्ये श्वार्झकोफ यांनी बर्लिनमध्ये झेर्बिनेट्टा गायली आणि त्यानंतर इवोग्यून यांनी त्यांना शिष्या म्हणून स्वीकारले. ऑपेरात रोज काम करणाऱ्या, पदार्पण झालेल्या गायिकेला त्यांनी मुळाक्षरांपासून पुन्हा शिकवले, स्वराचा लगाव बदलला, आणि घरातच राउखआइझेन असल्यामुळे गीतगायनाचे दालनही तिथेच उघडले. यात एक बारकावा आहे जो मला सर्वांत मोलाचा वाटतो. श्वार्झकोफ कायम झेर्बिनेट्टाच गात राहिल्या नाहीत. काही वर्षांतच त्या तानांच्या भूमिकांकडून अधिक भरदार, शब्दप्रधान भूमिकांकडे गेल्या आणि पन्नासच्या दशकात ‘रोझेनकावालिअर’मधील मार्शलिन म्हणून जगभर ओळखल्या जाऊ लागल्या, म्हणजे त्याच भूमिकेत जी त्यांच्या आधीच्या पिढीत लेहमान यांची मानली जात होती. गुरूची सर्वांत गाजलेली भूमिका शिष्येने मागे टाकली, आणि तो मार्ग ज्या पायावर उभा होता तो पाया गुरूनेच घातलेला होता.

महायुद्धानंतर इवोग्यून आधी व्हिएन्नाच्या अकादमीत आणि १९५० पासून बर्लिनच्या संगीत विद्यालयात, म्हणजे जिथे एकेकाळी मिस-ग्माइनर शिकवत असत त्याच संस्थेत, प्राध्यापिका होत्या. रिटा श्ट्राइख ही त्यांची शिष्या खऱ्या अर्थाने त्यांच्याच जातीच्या आवाजाची, हलक्या आणि फिरत्या गळ्याची निघाली. अमेरिकन गायिका एव्हलिन लिअर या मात्र पुढे आल्बान बेर्ग यांच्या ‘लुलू’सारख्या आधुनिक, नाट्यप्रधान भूमिकेसाठी गाजल्या. श्वार्झकोफ, श्ट्राइख आणि लिअर यांची ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकली तर या तिघी एकाच शिक्षिकेकडे शिकल्या असतील अशी शंकाही येत नाही.